पातं स्वस्त, खाच महाग

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेतल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

फळ्यावर विषय लिहिलाय, 'दाढीचा खर्च: जुना रेझर की नवा?' मघाशी चहा घेताना एका ताईंनी विचारलं, "यात आम्ही काय ऐकायचं?" त्यांना म्हटलं, घरातल्या वाणसामानाची यादी कोण करतं? तुम्हीच ना? मग पहिल्या रांगेत बसा. त्या खरंच पहिल्या रांगेत बसल्यात, त्यांचे आभार. त्यांच्या शेजारी त्यांचे यजमान बसलेत, आणि त्यांची दाढी आज फार सुरेख झालीय. कशाने केलीत, ते शेवटी सांगा.

मी छत्तीस वर्षं एका कारखान्याच्या कॉस्टिंग खात्यात काढली. तिथे एक गोष्ट अंगात मुरली. पाकिटावर छापलेली ती किंमत, आणि एका वेळच्या वापराला जे पडतं तो खर्च. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चपला, छत्री, गॅस, डोळ्यांतले थेंब, सगळ्याला हे लागू आहे. आज मी फक्त दाढीपुरतं बोलणार आहे. आकडे शेवटी देतो, कारण आधी दिले तर अर्धी मंडळी घरी जातील.

येताना दोन वस्तू आणल्यात. पहिली ही, रुमालात गुंडाळलेली. माझ्या वडिलांचं दाढीचं यंत्र. आमच्या घरी त्याला रेझर कुणी म्हणत नसे, यंत्रच म्हणत. अण्णांनी ते १९५६ साली घेतलं. पितळी आहे, वर निकेलचा मुलामा होता, तो बोटं जिथे टेकतात तिथे उडालाय आणि खालचं पिवळं दिसतंय. हातोहात फिरवा, ब्लेड काढून ठेवलंय. वजन बघा. दाढी करताना हे वजनच काम करतं, आपण जोर द्यायचा नसतो.

अण्णा प्राथमिक शिक्षक. सकाळी पडवीत पाटावर बसायचे, खांबाच्या खिळ्याला आरसा, समोर पितळी वाटीत कोमट पाणी, बाजूला तुरटीचा खडा. साबणाची गोल वडी, ब्रश. शनिवार सोडून रोज. शनिवारी दाढी नाही हा माझ्या आजीचा नियम, तो अण्णांनी पाळला आणि मीही पाळतो, म्हणून माझ्या हिशेबात आठवड्याच्या दाढ्या सहा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या वेळची ब्लेडं साध्या कार्बन पोलादाची. ओली राहिली की दुसऱ्या दिवशी तांबूस. म्हणून अण्णा दाढी झाली की ब्लेड काढून, पुसून, मूळच्या मेणकागदात घडी घालून ठेवायचे. आणि धार गेली असं वाटलं की काचेचा पेला घ्यायचे. तुमच्यापैकी किती जणांनी हे पाहिलंय? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त! पेल्याच्या आतल्या गोलाईवर ब्लेड दोन बोटांनी दाबून पुढे-मागे घासायचं. तो आवाज माझ्या कानात आहे अजून. त्यावर आणखी तीन-चार दाढ्या निघायच्या. मग ते ब्लेड आईकडे, शिवण उसवायला. तिथून आमच्याकडे, पेन्सिलीला टोक करायला, अर्धं मोडून एका बाजूला कागद गुंडाळून. एका ब्लेडच्या तीन नोकऱ्या.

त्याआधी आमच्या घरात दाढी म्हणजे गावचे न्हावी. बारा बलुतेदारांतले ते, सुगीला धान्याचं बलुतं घेऊन जायचे. अण्णांची बदली तालुक्याला झाली, तिथे बलुतं नाही, रोख पैसे. तेव्हा त्यांनी हे यंत्र घेतलं.

वस्तरा म्हटला की एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळी एकत्र आली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्यांनी ठरवलं. ज्या हातात वस्तरा, त्या हातांनीच तो खाली ठेवला. एवढी मोठी गोष्ट शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकतात. त्यावर खरं तर वेगळं व्याख्यान हवं. सचिव मान हलवताहेत, म्हणजे ठरलं असं धरतो.

आता दुसरी वस्तू. हा निळा-चंदेरी दांडा. २०१२ साली मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या भाच्याने दिला. "मामा, आता आरामात दाढी करा." सुंदर डबा, आत दांडा आणि दोन कार्ट्रिज. आपण दुकानात त्याला रिफिल म्हणतो. तीन पाती एकापाठोपाठ, मान इकडेतिकडे हलणारी. भाच्यावर माझा काही राग नाही. पहिल्या दिवशी दाढी झाली तेव्हा मी गालावरून हात फिरवत दहा मिनिटं गॅलरीत उभा होतो. तसं काम अण्णांच्या यंत्राने पहिल्या दिवशी कधी होत नाही, हे मी मोकळेपणाने सांगतो.

दोन कार्ट्रिज संपली. मेडिकलमध्ये गेलो. ती बाहेर टांगलेली नव्हती, आत काचेच्या कपाटात, कुलुपात. चार नगांचं पाकीट पाचशेच्या वर. मी दोनदा विचारलं, चार का चौदा? पण चेहऱ्याला सवय लागली होती. घेतलं. आणि मग माझ्यातला कॉस्टिंगवाला जागा झाला, मी डायरी सुरू केली. कार्ट्रिज कधी लावलं, कधी काढलं, कितीला आणलं. ती डायरी पण आणलीय.

आणि डायरी ठेवली की माणूस काय करतो? ताणतो. आज बदलायचं, जाऊ दे, उद्या. पातं ओढायला लागलं तरी उद्या. गळ्यावर पुरळ उठलं, डॉक्टरांनी मलम दिलं. ते मलमही त्याच हिशेबात धरायला हवं, पण मी धरलेलं नाही.

तर २०१६ साली मी नेहमीप्रमाणे रिफिल आणायला गेलो. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, तो प्रकार आता येत नाही. हा नवीन आलाय." घरी आणून लावायला गेलो. बसेना. उलटा केला, दाबला, पाण्यात धरला. बसेना. परत दुकानात. मुलगा म्हणाला, "काका, हा जुन्या दांड्याला बसत नाही. दांडा नवीन घ्या, त्याबरोबर एक रिफिल फुकट आहे." मी त्याला हा दांडा दाखवला. बघा, आजही बघा. चरा नाही, तडा नाही, रबर निघालेलं नाही. धडधाकट वस्तू, आणि तिला लावायला बाजारात काही नाही! मी कंपनीला पत्र लिहिलं, रीतसर, दांड्याचा फोटो जोडून. आभाराचं उत्तर आलं. त्यात नव्या मॉडेलचं नाव होतं.

त्या पत्राने मला जो संताप आला, तो नऊ वर्षांत कमी झालेला नाही. पैशांचा तो संताप नव्हता. चांगली वस्तू माझ्या हातात असताना दुसऱ्या कुणी तरी ती मोडीत काढली, याचा होता.

त्या संध्याकाळी मी माळ्यावरची ट्रंक काढली. अण्णांचं यंत्र निघालं. लिंबू-मीठ लावून घासलं. खाली किराणा दुकानात गेलो, "दाढीचं ब्लेड आहे का?" "आहे की." पाच ब्लेडांचं पाकीट, पंधरा रुपये. वर येऊन लावलं. अगदी बरोबर बसलं. यंत्र १९५६ चं, ब्लेड २०१६ साली बनलेलं. मधे साठ वर्षं. मी पलंगावर बसून त्या दोन वस्तूंकडे बघत राहिलो. चार वर्षांपूर्वीचा दांडा टाकाऊ होतो आणि साठ वर्षांपूर्वीचा होत नाही, हे कसं?

त्याचं उत्तर हाच माझा आजचा मुद्दा. पातं तेच पोलादाचं. फरक आहे तो दांडा आणि पातं जिथे जुळतात त्या जागेचा. मी तिला खाच म्हणतो. खाच कुणाच्या मालकीची, यावर भाव ठरतो.

हे समजून घ्यायला अमेरिकेत जावं लागतं. किंग कँप जिलेट हा बाटल्यांची बुचं विकणाऱ्या कंपनीचा फिरता विक्रेता. पातळ पत्र्याचं, धार गेली की टाकून द्यायचं पातं, ही त्याची कल्पना. इतक्या पातळ पोलादाला कडकपणा आणि धार देता येणार नाही असं जाणकार सांगत होते. विल्यम निकर्सन या इंजिनिअरने ते करून दाखवलं. पेटंटसाठी अर्ज १९०१ चा, पेटंट मिळालं १९०४ साली. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, किती रेझर खपले? ५१. पुढच्या वर्षी नव्वद हजारांच्या वर!

आता एक गैरसमज काढून टाकतो, कारण मॅनेजमेंटच्या वर्गांत तो अजून शिकवतात. 'जिलेटने रेझर फुकट वाटला आणि ब्लेडवर पैसा केला.' असं नव्हतं हो! त्याचा रेझर पाच डॉलरला होता. त्या काळच्या अमेरिकन कामगाराच्या आठवड्याच्या पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. पेटंट असेपर्यंत त्याने तो महागच विकला. रेझर स्वस्त झाला तो १९२१ मध्ये पेटंट संपल्यावर, कारण मग कुणीही तसा रेझर आणि तसं ब्लेड बनवू लागलं. खाच सगळ्यांची झाली.

कंपनीला ते सोसवलं नाही. तिने नव्या आकाराचं ब्लेड आणि नवा रेझर आणायचं ठरवलं, म्हणजे पुन्हा खाच आपली. पण हेन्री गाइसमन नावाचा एक हुशार माणूस आधीच तिथे उभा होता. मधे लांब चीर असलेलं ब्लेड त्याने पेटंट करून ठेवलं होतं, आणि ते जुन्या रेझरलाही बसत होतं. कोर्टकज्जे झाले आणि १९३० साली जिलेटची आणि गाइसमनची अशा दोन्ही कंपन्या एक झाल्या. एक होताना हिशेब तपासले गेले. आता हा माझा आवडता भाग! तपासणीत निघालं की जिलेट कंपनीने पाच वर्षांत नफा जवळजवळ १ कोटी २० लाख डॉलरने फुगवून दाखवला होता. कसा? परदेशातल्या स्वतःच्याच शाखांना पाठवलेला माल विकला गेला असं दाखवून. आपल्याच एका गोदामातून आपल्याच दुसऱ्या गोदामात माल हलवायचा आणि म्हणायचं विक्री झाली. आमच्या खात्यात एखाद्याने असं केलं असतं तर साहेबांनी त्याला त्याच गोदामात उभं केलं असतं.

पण त्या भांडणातून जे ब्लेड उरलं, मधे चीर असलेलं, तेच आज आपल्या किराणा दुकानात मिळतं. ते १९०४ च्या रेझरला बसतं, अण्णांच्या १९५६ च्या यंत्राला बसतं, आणि आज ऑनलाइन मागवलेल्या रेझरलाही बसतं. टोपाझ असो, सेव्हन ओ'क्लॉक असो, कुणाचंही घ्या. एकाने भाव वाढवला तर तुम्ही दुसऱ्याचं घ्याल, हे प्रत्येक जण जाणतो. म्हणून ते स्वस्त आहे.

आणि म्हणूनच १९७१ मध्ये दोन पात्यांचं कार्ट्रिज आलं, १९७७ मध्ये हलती मान, १९९८ मध्ये तीन पाती, २००६ मध्ये पाच पाती. प्रत्येक वेळी पात्यांची संख्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात. नवी खाच आणि तिचं नवं पेटंट मात्र त्या जाहिरातीत कुठे दिसत नाही.

चिठ्ठी आलीय. 'सात मिनिटं.' अहो, आकडे तर अजून यायचेत! बरं, भराभर सांगतो, लिहून घेणाऱ्यांनी घ्या.

आठवड्याला सहा, वर्षाला ३१२ दाढ्या. भाव आजचे, आमच्या गल्लीतले. किती दाढ्या निघतात ते माझ्या डायरीतलं.

साधं ब्लेड: मी वापरतो ते पाच रुपयांना एक. पाच दाढ्या निघतात. वर्षाला ६३ ब्लेडं, ३१५ रुपये. एका दाढीला एक रुपया. अडीच-तीन रुपयांचंही ब्लेड मिळतं, ज्यांच्या चेहऱ्याला ते मानवतं त्यांचा खर्च आणखी निम्मा.

तीन पात्यांचं कार्ट्रिज: साधारण १४० रुपयांना एक. प्रामाणिकपणे बारा दाढ्या. वर्षाला २६ नग, ३,६४० रुपये. एका दाढीला ११ रुपये ६७ पैसे.

फरक वर्षाला ३,३२५. दहा वर्षांत तेहतीस हजारांच्या वर. त्यातून नव्या रेझरचे चारशे रुपये वजा करा, तो तुमच्या नातवापर्यंत जाईल. साबण, पाणी दोन्हीकडे सारखं, म्हणून धरलं नाही. डब्यातला फेस वापरत असाल तर तो वेगळा खर्च, आणि तो दोन्हीकडे टाळता येतो.

आता दुसरी बाजू, ती सांगितली नाही तर हिशेब खोटा ठरेल. स्वस्त कार्ट्रिजही आहे. २०१० साली जिलेटने खास भारतासाठी 'गार्ड' आणला, तेव्हा दांडा १५ रुपये आणि कार्ट्रिज ५ रुपये. त्याआधीच्या एका रेझरची चाचणी त्यांनी अमेरिकेत, एमआयटी या तिथल्या विद्यापीठात शिकणाऱ्या भारतीय मुलांवर केली होती. तिथे नळाला धो धो पाणी. इथे माणूस अण्णांसारखा वाटीभर पाण्यात दाढी करतो, केस पात्यांत अडकून बसले. मग ते लोक इथे आले, घराघरांत बसून बघितलं, आणि एकाच पात्याचं, सहज धुतलं जाणारं कार्ट्रिज केलं. हे काम मनापासून केलेलं आहे, मी त्याला दाद देतो. माझ्या शेजाऱ्यांचा तसल्या एकपाती रेझरचा हिशेब मी मांडून दिला: बारा रुपयांना एक, सहा दाढ्या, वर्षाला ५२ नग, ६२४ रुपये. दाढीला दोन रुपये. म्हणजे माझ्यापेक्षा दुप्पट, पण तीन पात्यांच्या जवळपास सहावा हिस्सा. ज्यांना जुनं यंत्र जमत नाही त्यांनी खुशाल तो घ्यावा.

आणि काही जणांनी तर जुनं यंत्र घेऊच नये. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत, हात थरथरतात, नजर कमी झालीय, त्यांनी तीन हजार रुपये आनंदाने खर्च करावेत. जखम वाहत राहिली तर तो खर्च कुठल्याच रकान्यात बसत नाही. शिवाय शिकायला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढ्यात दोन-चार ठिकाणी कापतं. दांडा गालाशी साधारण तीस अंशांत धरायचा, आखूड हात, आणि उलटी दाढी पहिला महिनाभर नाहीच. ज्यांना हे आवडून जातं त्यांना दुसरा धोका. जर्मन रेझर, बिजूच्या केसांचा ब्रश, चंदनाचा साबण. दहा वर्षांत वाचवलेले पैसे एका दिवाळीत जातात.

एकच काम सगळ्यांनी करा, रेझर कुठलाही असो. दाढी आधी दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने भिजवा. २०२० साली एमआयटीतल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, पोलादापेक्षा पन्नासपट मऊ असलेला केस धारेचे बारीक टवके काढतो. आपल्याला वाटतं धार झिजते. झिजण्याआधी ती तुटते. केस भिजून मऊ झाला की टवके कमी. अण्णा कोमट पाण्याची वाटी घेऊन बसायचे ते एवढ्यासाठी. मी हे करायला लागल्यापासून पाचव्या दाढीलाही ब्लेड ओढत नाही. पूर्वी चौथ्याला ओढायचं.

शेवटची चिठ्ठी. प्रश्न आहे, पहिल्या रांगेतूनच आलाय: 'वापरलेली ब्लेडं टाकायची कुठे?' फार चांगला प्रश्न, ताई. सुटं ब्लेड कचऱ्याच्या पिशवीत कधीही टाकू नका. पुण्यात 'स्वच्छ'च्या कचरावेचक भगिनींनी सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा अशी मोहीम चालवली, कारण पिशवीत हात त्यांचा जातो. ब्लेडलाही तोच न्याय. हा बघा, पत्र्याचा जुना कॉफीचा डबा. झाकणाला एक चीर पाडलीय, ब्लेड आत जातं, बाहेर येत नाही. २०१६ पासूनची माझी सगळी ब्लेडं यात आहेत, साडेपाचशेच्या वर. काल वाण्याच्या काट्यावर ठेवला. डब्याचं वजन वजा जाता साडेतीनशे ग्रॅमही भरलं नाही. नऊ वर्षांचा कचरा, सगळं पोलाद, भंगारवाला डब्यासकट घेतो म्हणालाय, मीच अजून दिलेला नाही.

अण्णांचं यंत्र कुणाकडे आहे आत्ता? हां, तिकडे खांबापाशी. राहू द्या, सगळ्यांचं बघून झालं की द्या. आणि साहेब, तुमचं सांगायचं राहिलं. आजची दाढी कशाने केलीत?